कोणाचं घर, कुठल्या सालचं?

युरोप करून आलेली आमची रत्नागिरीची मंडळी दोन वेगळ्या घरांचे फोटो एकाच ओळीखाली टाकतात: ‘शंभर वर्षांपूर्वीचं घर, जसंच्या तसं!’ एक बार्सिलोनातल्या ला पेद्रेरा इमारतीतलं, दुसरं पॅरिसमधलं, वास्तुकार आणि चित्रकार ल कॉर्बुझिएचं. जसंच्या तसं दोन्ही नाहीत, आणि तेही वेगवेगळ्या कारणांनी.

पहिला प्रकार कोकणात समजावून सांगायला नको. गुहागर-दापोलीकडचे होमस्टे आठवा: ओटीवर झोपाळा, कोपऱ्यात जातं, खुंटीला कंदील, सगळं जुन्या बाजारातून आणलेलं. ला पेद्रेराच्या चौथ्या मजल्यावरचं घर याच जातीचं, फक्त अभ्यास करून मांडलेलं. दारं, मुठी, जमीन इमारतीचा वास्तुकार गाउदी याच्या वेळची; सामान त्या काळातलं, पण त्या घरातलं नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं सुखवस्तू कुटुंब कसं राहत असेल, एवढंच ते दाखवतं. मालक मिला कुटुंब राहायचं मुख्य मजल्यावर. गाउदी १९२६ साली वारल्यावर मिलाबाईंनी तिथली त्याची सजावट झाकून फ्रान्सच्या सोळाव्या लुई राजाच्या थाटाची करून घेतली, ते कोणी सांगत नाही.

खरा घोळ पॅरिसच्या घराचा. ल कॉर्बुझिए तिथे १९३४ पासून १९६५ साली मरेपर्यंत स्वतः राहिला, आणि राहणारा माणूस घर बदलत असतोच. भिंतींचे रंग बदलले, काही भाग बदलले. मग दुरुस्ती करताना परत जायचं कुठल्या सालाला? १९३४ धरलं तर पुढची तीस वर्षं खरवडून टाकावी लागतात. त्याच्या नावाच्या प्रतिष्ठानाने २०१६ ते २०१८ मध्ये काम केलं तेव्हा रंगांचे थर तपासले आणि १९६५ची अवस्था धरली. म्हणून इमारत १९३०च्या दशकातली असली, तरी तुम्ही बघता ते म्हाताऱ्या कॉर्बुझिएचं घर. ‘तीसच्या दशकातलं घर पाहिलं’ म्हणू नका.

त्याच्या चित्रशाळेची दगड-विटांची भिंत गिलावा न करता उघडी ठेवलेली आहे. सिमेंटच्या भिंतीवर चिऱ्याच्या चकत्या चिकटवून ‘पारंपरिक’ म्हणणाऱ्या आपल्या होमस्टेवाल्यांनी ती जरूर बघावी. पलंगाचे पाय भलतेच उंच आहेत, कारण त्याला पडल्यापडल्या कठड्यावरून बाहेरचं दिसायला हवं होतं. माल गोळा करून मांडणाऱ्याला असला पलंग सुचणार नाही. एकाच घराला वेळ असेल तर मी पॅरिसचंच सुचवेन.