दुधाची दाढ आणि क्लिपची घाई

गणपतीत घर भरलं की लहान मुलांच्या दातांचीही पाहुण्यांकडून तपासणी होते. आठ वर्षांची मुलगी हसली आणि वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट दिसली, की बोरिवलीहून आलेली आत्या लगेच म्हणते, "वहिनी, हिला आत्ताच क्लिप लावून घे. नंतर हाडं पक्की झाली की काही होत नाही." त्याच मुलीच्या खालच्या दाढेत काळा खड्डा पडलेला असतो. तो आजीला दिसतो, पण तिचा निकाल ठरलेला: "दुधाचे दात मरे ते, पडतलेच." फटीची धास्ती आणि खड्ड्याकडे काणाडोळा. खरं तर धास्ती खड्ड्याची घ्यायला हवी आणि फटीला बहुतेक वेळा वेळ द्यायला हवा.

मुलाच्या तोंडात दुधाचे 20 दात असतात आणि मोठेपणी 32 व्हायचे असतात. सहा ते बारा या वर्षांत दोन्ही पिढ्या एकाच घरात नांदतात. साधारण सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ येते. ती कुठलाही दात न पाडता, दुधाच्या शेवटच्या दाढेमागून गुपचूप उगवते, म्हणून अनेक पालक तिला दुधाचीच समजतात आणि ती किडेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. खालचे पटाशीचे दात वयाच्या सहा ते आठच्या दरम्यान बदलतात, वरचे सात ते नऊच्या दरम्यान. मग दीडेक वर्ष बाहेरून फारसं काही घडत नाही. दहा ते बारामध्ये उपदाढा आणि सुळे येतात, बाराच्या सुमारास दुसरी कायमची दाढ. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे वाकडे दात आणि जबडे सरळ करणाऱ्या दंतवैद्यांची, संघटना सांगते की सातव्या वर्षापर्यंत मुलाला एकदा दाखवून आणावं. हा सल्ला दाखवण्याचा आहे, तारा लावण्याचा नव्हे, आणि गोंधळ इथेच होतो.

आधी त्या फटीचं बघू. ब्रॉडबेंट या अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टानं 1937 साली या अवस्थेचं वर्णन करून ठेवलं आहे. वरचे कायमचे सुळे अजून हाडात उंचावर असतात आणि खाली सरकताना शेजारच्या दातांच्या मुळांवर रेलतात. मुळं आत ढकलली गेली की दातांची टोकं बाहेर फाकतात, म्हणून पुढे फट दिसते आणि दात पंख्यासारखे पसरलेले वाटतात. सुळा आणखी खाली आला की त्याचा दाब मुळावरून दाताच्या बाहेर दिसणाऱ्या भागावर येतो आणि फट मिटू लागते. दोन मिलिमीटरपर्यंतची फट सुळे आल्यावर बहुधा आपोआप बंद होते. ती बरीच मोठी असेल तर मध्ये एखादा जादा दात दडला आहे का, हे एक्स-रेत पाहावं लागतं. पण आठव्या वर्षी तारेनं ही फट जबरदस्तीनं बंद करायला गेलं तर बाजूच्या दातांची मुळं खाली येणाऱ्या सुळ्याच्या वाटेत ढकलली जाऊ शकतात. घाईनं खरोखर नुकसान होतं ते असं.

खालच्या दातांची दोन ओळींची तक्रारही अशीच. दुधाचा दात हलायच्या आतच कायमचा त्याच्या मागून, जिभेच्या बाजूनं डोकावतो. दिसायला भयंकर, पण दुधाचा दात पडला की जीभ नव्या दाताला हळूहळू पुढे आणते. काही महिने उलटूनही जुना दात हलत नसेल तर तो काढून टाकावा लागतो. एवढंच.

आता त्या काळ्या खड्ड्याकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे. दुधाच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या उपदाढांपेक्षा रुंद असतात. सुळ्यासह हिशेब केला तर खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला सरासरी 1.7 मिलिमीटर आणि वरच्या जबड्यात 0.9 मिलिमीटर जागा उरते. हे मोजमाप नान्स या अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टानं 1947 साली मांडलं. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण पुढचे दात किंचित दाटीत असलेल्या मुलाला हीच शिल्लक सरळ दातांपर्यंत नेऊ शकते. दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली की ही शिल्लक तर जातेच, वर मुद्दलही जातं. मागची कायमची दाढ रिकाम्या जागेकडे झुकते आणि पुढे सरकते. दुधाची दुसरी दाढ सहा वर्षांच्या आतच गेली तर कायमची दाढ मुळात पुढेच उगवते. मग दहाव्या-अकराव्या वर्षी उपदाढ यायला निघते तेव्हा तिला जागाच नसते. एसटीच्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल कुणी उचलला तर आपण चढेपर्यंत तिथे दुसराच बसलेला असतो, तसं हे होतं. पुढे चौदाव्या वर्षी ज्या दाटीसाठी तारा आणि कदाचित चार उपदाढा काढणं आलं, तिची सुरुवात पाचव्या वर्षी न भरलेल्या किडीत सापडते.

आणि कोकणात किडीला खाद्य कमी नाही. आंबापोळी, फणसपोळी, जत्रेतला गुळाचा खाजा हे सगळं दाढेच्या खाचांत चिकटून बसतं. जंतू साखरेवर जगतात आणि आम्ल सोडतात, त्या आम्लानं दाताचं कवच विरघळतं. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं आणि किती वेळ चिकटून राहिलं, हे जास्त महत्त्वाचं. मे महिन्यात दिवसभर येता-जाता फणसपोळीचा तुकडा तोंडात टाकणाऱ्या मुलापेक्षा जेवणानंतर एकदाच खाऊन खळखळून चूळ भरणाऱ्याच्या दाढा बऱ्या राहतात. फणसपोळी सोडा असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी कुणी ऐकणार नाही.

खड्डा लहान असतानाच भरून घेतला तर काम एका बैठकीत होतं. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली तरी दाढ वाचवता येते, नसेवर उपचार करून वर स्टीलची टोपी बसवतात. काढण्यावाचून इलाज नसेल तर जागा राखणारं साधन लावतात. शेजारच्या दाढेवर धातूचं कडं आणि त्याला जोडलेली, रिकाम्या जागेपलीकडच्या दाताला टेकणारी तारेची कमान, इतकं साधं ते असतं. दातांना सरळ करणारं त्यात काहीच नाही, तरी वाकडे दात टाळण्याचा हा एक स्वस्त उपाय. मात्र ते लावून विसरून जायचं नसतं. कडं सैल झालं तर आत कीड लागते आणि नवा दात डोकावला की ते काढून टाकावं लागतं.

म्हणजे लवकर तारा लावूच नयेत का? तसंही नाही. काही मोजक्या तक्रारी अशा आहेत की तिथे थांबणं महागात पडतं.

पहिली उलट्या चाव्याची. वरचे दात खालच्या दातांच्या किंचित बाहेर बसायला हवेत. वरचा जबडा अरुंद असेल तर दाढा टोकाला टोक भिडतात, आणि मुलाला नीट चावता यावं म्हणून खालचा जबडा एका कुशीला सरकतो. मुलाला तोंड सावकाश मिटायला सांगा आणि हनुवटीकडे बघा. दात भिडताक्षणी ती एका बाजूला घसरत असेल तर ते ऑर्थोडॉन्टिस्टाला सांगण्यासारखं आहे. वाढीची वर्षं जबडा असा तिरका राहिला तर चेहरा दोन बाजूंनी असमान वाढू शकतो. यावर उपाय म्हणजे वरचा जबडा रुंद करणं. टाळूच्या मधोमध हाडाची शिवण असते. लहानपणी ती सैल असते, किशोरवयात हळूहळू घट्ट होत जाते. सॅन फ्रान्सिस्कोच्या एमर्सन एंजल या दंतवैद्यानं 1860 साली चौदा वर्षांच्या एका मुलीच्या टाळूत स्क्रू बसवून ही शिवण रुंदावली आणि समकालीनांचा भरपूर अविश्वास पदरात घेतला. आज तोच स्क्रू जगभर वापरात आहे. पालक घरीच बारीक चावीनं तो पाव फेरा फिरवतात, एका वेळी साधारण पाव मिलिमीटर. आत्याचं 'हाडं पक्की होतात' हे वाक्य इथे खरं ठरतं, फक्त ते चुकीच्या तक्रारीला लावलेलं असतं.

समोरचा एखादाच वरचा दात खालच्या दाताच्या मागे अडकला असेल तर तोही थांबवून ठेवू नये. त्याच्या माऱ्यानं खालच्या दाताची हिरडी उतरत जाते. काढ-घाल करता येणाऱ्या प्लेटमधली छोटी स्प्रिंग काही महिन्यांत काम भागवते. दात एकदा पुढे आला की खालचे दातच त्याला तिथे धरून ठेवतात.

दुसरी तक्रार खालचा जबडा पुढे आणि वरचा मागे राहिलेला असण्याची. यात कपाळ आणि हनुवटीला टेकणाऱ्या चौकटीला रबरं लावून वरचा जबडा पुढे ओढतात, मुख्यतः रात्री आणि घरी असताना. ब्रिटनमध्ये सात ते नऊ वर्षांच्या मुलांवर झालेल्या चाचणीत सहा वर्षांनी असं दिसलं की हा उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना पुढे जबड्याची शस्त्रक्रिया लागेल असं तज्ज्ञांना वाटलं, न मिळालेल्यांत हे प्रमाण दोन तृतीयांश होतं. शस्त्रक्रियेची शक्यता निम्म्यावर येणं ही छोटी गोष्ट नव्हे.

याच्या नेमकं उलटं चित्र वरचे दात पुढे असलेल्या मुलांचं. आपल्याकडे हीच मुलं जास्त चिडवली जातात आणि त्यांच्यासाठीच क्लिपची घाई सर्वाधिक होते. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये या प्रश्नावर चांगल्या चाचण्या झाल्या. काही मुलांवर आठ-नऊच्या सुमारास उपचार सुरू केले आणि किशोरवयात दुसरा टप्पा केला, बाकीच्यांवर फक्त किशोरवयात एकदाच केले. शेवटी दोन्ही गटांचे दात आणि जबडे जवळपास सारखेच निघाले. लवकर सुरुवात केलेल्यांनी खुर्चीत वेळ मात्र जास्त घालवला. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात लवकर उपचारांचा एकच ठळक फायदा टिकला: पुढच्या दातांना इजा होण्याचं प्रमाण घटतं. ओठांत न मावणारे दात पडल्यावर आधी आपटतात. त्यामुळे मूल दिवसभर आंब्याच्या झाडावर किंवा विहिरीच्या कठड्यावर असेल, तर लवकर उपचारांचा विचार जरूर करावा. चिडवण्यानं मूल शाळेत तोंड झाकून बसू लागलं असेल तर तेही पुरेसं कारण आहे, हे माझं मत. बाकीच्यांनी वाढीचा जोर येईपर्यंत थांबावं. मुलींत तो साधारण दहा ते बारा, मुलांत बारा ते चौदाला येतो. आणि कायमचा दात मुळासकट बाहेर आलाच तर मूळ न घासता तो दुधात ठेवून लगेच दवाखाना गाठावा. दुधाचा दात असेल तर तो परत बसवायचा नसतो.

अंगठा चोखण्याबद्दल थोडक्यात. चौथ्या वर्षाच्या आसपास सवय सुटली तर समोरच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये पडलेली फट बहुधा स्वतःच भरून येते. कडुनिंब चोळण्यापेक्षा कौतुक केलेलं चालतं.

दहाव्या वर्षी एक तपासणी मात्र मुळीच चुकवू नये. वरच्या सुळ्यांचा उंचवटा हिरडीवर, ओठाच्या बाजूनं, बोटाला लागायला हवा. तो लागत नसेल, किंवा एकाच बाजूला लागत असेल, तर सुळा टाळूकडे वाट चुकला असण्याची शक्यता असते. स्वीडनमध्ये एरिकसन आणि कुरोल यांनी 1988 साली दाखवलं की 10 ते 13 या वयात फक्त दुधाचा सुळा काढला तर अशा 46 वाट चुकलेल्या सुळ्यांपैकी 78 टक्के आपसूक मार्गावर आले. तीन-चार वर्षांनी कळलं तर त्याच सुळ्यासाठी टाळू उघडून, दाताला साखळी बांधून, महिनोन्‌महिने खेचत बसावं लागतं. शेजारच्या दाताचं मूळ खाल्लं गेलं असेल तर ते वेगळंच.

उपचार ठरवताना अंतराचाही हिशेब हवा. गुहागरहून चिपळूणला किंवा देवगडहून कणकवलीला दर महिन्याला जाणं म्हणजे मुलाची शाळा आणि एका पालकाचा दिवस. लवकर सुरू केलेले उपचार दोन टप्प्यांचे झाले तर ही फेरी काही वर्षं चालते. खेडमध्ये दंतवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि अशा ठिकाणच्या ओपीडीत खर्च सहसा खासगीपेक्षा कमी येतो. काढ-घाल करायची प्लेट घेतलीत तर डबी दप्तरातच ठेवायला शिकवा. रुमालात गुंडाळलेल्या प्लेटा डब्याबरोबर कचऱ्यात जातात.

रात्री तोंडात धरून झोपायच्या, दात 'नैसर्गिकपणे' सरळ करणाऱ्या मऊ रबरी साच्यांच्या जाहिराती हल्ली मोबाइलवर येतात. त्यांच्या दाव्यांमागे वर सांगितलेल्या चाचण्यांइतका भक्कम पुरावा नाही. त्यासाठी पैसे मोजण्याआधी, किंवा कुठलेही लवकरचे उपचार स्वीकारण्याआधी, डॉक्टरांना सरळ विचारावं: "आत्ता काहीच केलं नाही आणि दर सहा महिन्यांनी नुसतं दाखवत राहिलो, तर नेमकं काय बिघडेल?" उलटा चावा असेल तर डॉक्टर जबडा सरकताना तुम्हाला दाखवतील, सुळा चुकला असेल तर एक्स-रेवर बोट ठेवतील. फक्त फट असेल तर बरेचसे डॉक्टर स्वतःच म्हणतील, "सुळे येऊ देत, मग बघू."