टायमिंग पुढे घेतलं की ताकद वाढते?

'सुपरचार्जरच्या गाडीत ईसीयूमधून टायमिंग जितकं पुढे, तितकी ताकद जास्त.' बेळगावच्या उद्यमबागेपासून निपाणीपर्यंत फिरणारा हा मेसेज अगदीच निराधार नाही. ईसीयू म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक. टायमिंग म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधी, क्रँकच्या किती अंश अगोदर स्पार्क पडतो ते; 'पुढे' म्हणजे आणखी लवकर. साध्या इंजिनात दोन-चार अंश पुढे घेतले की ओढ वाढलेली जाणवते, समज तिथूनच आली.

पण स्पार्क पडल्यावर मिश्रण जळायला वेळ लागतो. सिलिंडरमधला सर्वाधिक दाब पिस्टन टोकावरून साधारण १५ अंश खाली उतरल्यावर यावा लागतो. स्पार्क फार लवकर पडला तर दाब आधीच वाढून वर येणाऱ्या पिस्टनलाच मागे रेटतो. सुपरचार्जर हवा दाबून भरतो, ती तापते आणि दाट मिश्रण लवकर जळतं. म्हणून बूस्ट, म्हणजे हा भरलेल्या हवेचा दाब, वाढेल तसं टायमिंग मागेच घ्यावं लागतं. नाहीतर उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं, इंजिन ठोकतं (यालाच नॉक म्हणतात), पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटते.

तपासायचं असं: ईसीयूत टायमिंग १० अंशांवर स्थिर करा आणि टायमिंग लाइटने (स्पार्कबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याने) पुलीवरची खूणही १०च दाखवते का बघा. इथेच फरक असेल तर पुढचे आकडे व्यर्थ. मग डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), कमी टायमिंगपासून, एकेक अंश वाढवा. टॉर्क वाढायचा थांबला की थांबा. बूस्टमध्ये बहुतेकदा त्याआधीच नॉक येतो. तेव्हा दोन-तीन अंश मागे या. स्पार्क प्लग काढून भिंगातून बघा, पांढऱ्या चिनी मातीवर चमकदार कण म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम.

आणि सकाळच्या गारव्यात केलेली सेटिंग मे महिन्यात गोव्याकडून चोर्ला घाट चढताना टिकेलच असं नाही. आत येणाऱ्या हवेच्या तापमानानुसार टायमिंग मागे घेणारा तक्ताही भरावा लागतो.