वारा पडलेला असतो तेव्हा जास्त जपावं लागतं

उतरणारं विमान अचानक एका अंगावर कलंडलं, अशी बातमी आली की खाली एक स्पष्टीकरण हमखास वाचायला मिळतं: पुढे गेलेल्या मोठ्या विमानाच्या इंजिनांचा झोत लागला. हे चूक आहे. मागचं विमान आठ-नऊ किलोमीटरवर असतं, तोवर तो झोत केव्हाच विरलेला असतो. विमान कलंडवतात ते पुढच्या विमानाचे पंख. इंजिनच नसलेलं ग्लायडरसुद्धा हाच मागोवा हवेत सोडून जातं.

पंखाखाली हवेचा दाब जास्त, वर कमी, आणि या फरकामुळे उचल मिळते, हे शाळेत शिकलेलं असतं. पण पंख कुठेतरी संपतोच. त्या टोकाशी खालची हवा बाहेरून वर वळते आणि मागे दोन लांबलचक आडवे भोवरे उरतात. मागून पाहिलं तर डावीकडचा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, उजवीकडचा उलटा. ब्रिटिश अभियंता लँचेस्टर यांनी १९०७ मध्येच हे मांडलं होतं. उचल हवी असेल तर भोवरे येणारच. पंखांची टोकं वर वळवून ते थोडे सौम्य होतात, नाहीसे होत नाहीत.

यातलं गणित मला फार आवडतं. भोवऱ्याचा जोर काढायचा तर विमानाच्या वजनाला तीन गोष्टींच्या गुणाकाराने भागायचं: हवेची घनता, विमानाचा वेग आणि दोन भोवऱ्यांमधलं अंतर. वेग खाली, छेदात आहे. म्हणजे जड विमान जितकं सावकाश, तितका भोवरा जबर, आणि उतरताना विमान सावकाशच असतं. २५० टनांचं बोइंग ७७७-३००ईआर ताशी २७० किलोमीटरने उतरतंय असं धरा. पंखांचा विस्तार ६४.८ मीटर, त्यामुळे भोवऱ्यांमध्ये साधारण ५० मीटर अंतर. भोवऱ्याच्या जोराचं उत्तर येतं सेकंदाला सुमारे ५२५ चौरस मीटर; हा जोर याच एककात मोजतात. केंद्रापासून दहा मीटरवर हवा ताशी ३० किलोमीटरने फिरत असते: एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला खाली. छोट्या विमानाचा एक पंख चढत्या हवेत आणि दुसरा उतरत्या हवेत सापडला, की वैमानिकाने एलेरॉन (विमान एका अंगावर झुकवणाऱ्या, पंखांच्या मागच्या कडेवरच्या हलत्या फळ्या) पूर्ण उलट दिशेने फिरवूनही विमान कलंडतच राहतं.

शिवाय प्रत्येक भोवरा जोडीदाराला खाली ढकलतो. आपल्या उदाहरणात सेकंदाला दीड मीटरहून थोडं जास्त, म्हणजे दोन मिनिटांत जवळपास २०० मीटर. मागचं विमान त्याच उतारावरून येत असेल तर भोवरे त्याच्या बरेच खाली गेलेले असतात. अडचण धावपट्टीजवळ येते. तिथे खाली जायला जागा नसते, म्हणून दोघे जमिनीलगत एकमेकांपासून दूर सरकू लागतात. नेमका तेवढ्याच वेगाचा मंद आडवा वारा असला, तर एक भोवरा धावपट्टीवरच खिळून राहतो. जोराचा वारा त्यांना लवकर मोडतो, शांत हवा जपून ठेवते.

३० मे १९७२ रोजी अमेरिकेत फोर्ट वर्थजवळ सराव उड्डाणावरचं एक डीसी-९ विमान मोठ्या डीसी-१० च्या मागे उतरत होतं. जमिनीपासून थोड्याच उंचीवर ते भोवऱ्यात सापडलं, उजवीकडे कलंडलं आणि पंख धावपट्टीवर आपटला. चौघे गेले. दोन विमानांमधल्या अंतराचे नियम कडक होण्यात या अपघाताचा मोठा वाटा आहे. आज १३६ टन किंवा त्याहून जड विमानामागे ए३२० सारख्या मध्यम विमानाला पाच नॉटिकल मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर मागे ठेवतात.

दमट हवेत उतरणाऱ्या विमानाच्या फ्लॅपच्या (पंखांमागून खाली वळणाऱ्या पट्ट्यांच्या) कडांमागे कधीकधी पांढरे धागे दिसतात. भोवऱ्याच्या गाभ्यात दाब कमी होऊन हवा गार होते आणि तिच्यातली वाफ गोठून नव्हे, तर थेंब होऊन दिसते. ‘विमानातून विष फवारतात’ म्हणून अशाच रेषांचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतात. कृपया ते पुढे पाठवू नका.

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर २०१५ पासून दोन विमानांमधलं हे अंतर मैलांऐवजी वेळेत मोजतात. समोरून जोराचा वारा असला की विमानं जमिनीच्या हिशेबाने सावकाश येतात, तेच मैल कापायला जास्त वेळ लागतो, आणि भोवरे तर आधीच मोडलेले असतात, म्हणून वेळेत मोजलं की विमानं थोडी जवळ आणता येतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा समोरून घेत विमानं घाटकोपरवरून उतरतात, तेव्हा ही पद्धत इथेही उपयोगी पडेल, असं मला वाटतं.