नागेशी, तिस्क आणि बॅकस्लॅश

घरच्या जमिनीचे एक-चौदाचे उतारे (गोव्यातले सात-बारासारखे) गाववार फोल्डरांत लावणारा सी या संगणकभाषेतला छोटा प्रोग्राम मी फोंड्यात लिनक्सवर लिहिला होता. विंडोजवर नेताना मार्गातले, म्हणजे फाइलच्या पत्त्यातले, स्लॅश (/) बदलून बॅकस्लॅश (\) केले आणि नागेशी व तिस्क (nageshi, tisk) ही दोन फोल्डरे सापडेनाशी झाली. सीच्या स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅशपुढे लहान एन आला की नवी ओळ होते, टी आला की टॅब. नेमकी तीच आद्याक्षरे गेली.

बॅकस्लॅशचा जन्म फायलींसाठी झालेलाच नाही. गोवा मुक्त झाला त्याच 1961 साली संगणकतज्ज्ञ बॉब बेमर यांनी तो आस्की या अक्षरसंकेतांच्या प्रमाणात आणला, तो अल्गोल या जुन्या संगणकभाषेतली ‘आणि’, ‘किंवा’ ही चिन्हे /\ आणि \/ अशी जोडून लिहिता यावीत म्हणून. मल्टिक्स या जुन्या कार्यप्रणालीत मार्ग > या चिन्हाने तोडत. तिच्यानंतरच्या युनिक्सने साधा स्लॅश घेतला. सी युनिक्सवरच घडली, त्यामुळे तिने बॅकस्लॅश विशेष अक्षरांसाठी वापरला तेव्हा मार्गांशी त्याची टक्कर नव्हती.

टक्कर डॉसने, म्हणजे विंडोजआधीच्या पीसीवरच्या कार्यप्रणालीने, आणली. 1981 च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच, आणि आदेशांचे पर्याय स्लॅशने द्यायची रीत पडली होती. 1983 मध्ये 10 एमबी हार्ड डिस्कचा आयबीएमचा पीसी एक्सटी आला, त्याबरोबर डॉस 2.0 आणि फोल्डर आले. पण स्लॅश आधीच अडकलेला. जुने आदेश मोडू नयेत म्हणून मार्गासाठी बॅकस्लॅश निवडला गेला.

फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट पुढे आहे: डॉसचा गाभा तेव्हापासून दोन्ही रेघा स्वीकारत आला, आणि विंडोजमध्येही फाइल उघडताना साधा स्लॅश चालतो. \\?\ ने सुरू होणारे मार्ग तेवढे अपवाद. म्हणून सीमध्ये सरळ स्लॅशच लिहावा. प्रत्येक यंत्रणेसाठी प्रोग्राममध्ये वेगळी शाखा बहुतेक वेळा लागत नाही. वापरणाऱ्याने दिलेल्या मार्गातून फाइलचे नाव तोडताना मात्र विंडोजवर दोन्ही चिन्हे शोधावीत. लिनक्सवर तसे करू नये, तिथे बॅकस्लॅश हे नावातले साधे अक्षर असू शकते.

आपल्या सर्व्हे नंबरात पोटहिश्श्याआधी स्लॅश असतो, जसे 42/3. तो फाइलच्या नावात विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालत नाही. तिथे मी आडवी रेघ घालतो.