शरीराचं ऐकून खाणं: सुरुवात कुठून करायची

आमच्याकडे आहार-सल्ल्यासाठी नाव नोंदवलंत की पहिल्या भेटीआधी हे माहितीपत्रक एकदा सावकाश वाचा.

इंट्युइटिव्ह ईटिंग या पद्धतीत वर्ज्य पदार्थांची यादी नसते, कॅलरी मोजायच्या नसतात, चीट डे (डाएट मोडायची मुभा असलेला दिवस) नसतो. भूक लागली की खायचं आणि पोट भरलं की थांबायचं. ऐकायला सोपं आहे. पण वर्षानुवर्षं डाएट केलेला माणूस थेट ‘पोट भरलं की थांबायचं’ इथून सुरुवात करतो, आणि थोड्याच दिवसांत तोही एक नियम होऊन बसतो. दोन घास जास्त गेले की पुन्हा तीच अपराधी भावना. म्हणून आम्ही क्रमाबाबत आग्रही आहोत: आधी वेळेवर आणि पुरेसं खाणं, मग भूक ओळखणं, मग वर्ज्य केलेले पदार्थ परत आणणं, आणि थांबायला शिकणं सगळ्यांत शेवटी.

खाण्यावरचा ताबा का सुटतो

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. रोजचा आहार साधारण १,६०० कॅलरींचा, म्हणजे आजच्या अनेक डाएटपेक्षा कमी नाही. तरीही हे तरुण दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटातलं अन्न पुरवून पुरवून खाऊ लागले. आहार मोकळा झाल्यावर त्यांच्यातल्या काहींनी पोटाला तडस लागेपर्यंत खाल्लं, तरी भूक भागेना. प्रयोगाआधी त्यांच्यापैकी कुणालाही खाण्याची वखवख नव्हती.

दुसरं कारण मनातल्या नियमाचं. १९७५ च्या एका प्रयोगात सहभागींना आधी मिल्कशेक देऊन नंतर आइस्क्रीम हवं तेवढं चाखायला दिलं. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. बंधन पाळणाऱ्यांनी मात्र उलट जास्त खाल्लं. नियम एकदा मोडला की ‘आजचा दिवस गेलाच’ असं वाटतं आणि माणूस खात सुटतो. याला इच्छाशक्तीचा दोष म्हणणं आम्हाला मान्य नाही.

पहिले दोन आठवडे: नुसतं वेळेवर खा

उठल्यावर दीड-दोन तासांत पहिलं खाणं, आणि त्यानंतर दर तीन ते चार तासांनी. बहुतेकांना तीन जेवणं आणि मधली एक-दोन खाणी लागतात. भूक जाणवत नसली तरी या काळात खा. जेवणं टाळायची सवय असलेल्यांना भुकेची जाणीव बोथट झालेली असते, आणि ती नियमित खाण्यानंच परत येते.

प्रत्येक मोठ्या जेवणात धान्य किंवा कंद, प्रथिनांचा एक पदार्थ, थोडं तेल-तूप किंवा सुकामेवा, आणि भाजी किंवा फळ असू द्या. नुसत्या सॅलडनं पोट फुगतं, पण भूक लवकरच परत येते. प्रथिनं, स्निग्ध पदार्थ आणि तंतू एकत्र असले की पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. चहा-कॉफीवर भूक मारू नका.

‘दिवसभर नीट असतो, रात्री ताबा सुटतो’ ही आमच्याकडे येणारी सगळ्यांत नेहमीची तक्रार आहे. अशा वेळी आम्ही रात्रीच्या खाण्याला हात लावत नाही. दुपारचं जेवण वाढवतो आणि संध्याकाळी एक भरीव खाणं घालतो. बहुतेक वेळा गाठ तिथेच असते. झोप अपुरी असेल तर तीही पाहावी लागते, कारण जागरणानं भूक वाढते.

तिसरा आठवडा: भुकेला आकडा द्या

० ते १० अशी पट्टी धरा. ० म्हणजे भुकेनं गळून जाणं, ५ म्हणजे भूकही नाही आणि भरलेलंही नाही, १० म्हणजे मळमळेपर्यंत भरलेलं पोट. ३-४ ला पोटात हलकी पोकळी जाणवते, लक्ष विचलित होऊ लागतं, खाण्याचा विचार सारखा येतो. जेवायला बसायची हीच वेळ. २ च्या खाली गेलात की चिडचिड, डोकेदुखी, हात थरथरणं सुरू होतं, आणि मग जे हाताला लागेल ते भराभर पोटात जातं. पोटातली गुरगुर हीच भूक, असं समजू नका. अनेकांना भूक आधी डोक्यात किंवा मूडमध्ये कळते.

आकडा जेवणाआधी आणि जेवणानंतर लिहा. चूक-बरोबर ठरवायचं नाही, फक्त नोंद करायची.

वर्ज्य पदार्थ परत आणताना

इथे घाई नडते. एका वेळी एकच पदार्थ घ्या, आणि तोही सर्वांत धास्तीचा नको, मधल्या पातळीचा घ्या. समजा, चॉकलेट. नेहमी एकाच चवीचं आणा आणि आठवडाभर पुरून उरेल इतकं आणा. घरात मोजकंच ठेवलं की ‘संपायच्या आत खाऊन घेऊ’ ही घाई तशीच राहते.

ते रिकाम्या पोटी खाऊ नका. जेवणानंतर किंवा मधल्या खाण्यासोबत, बशीत काढून, बसून, फोन बाजूला ठेवून खा. पहिला तुकडा चावायची घाई करू नका, जिभेवर विरघळू द्या. आवडतोय का? आठवणीत होता तितका चांगला लागतोय का? पुष्कळांना इथे पहिल्यांदाच कळतं की हा पदार्थ त्यांना फारसा आवडतच नव्हता, तो फक्त निषिद्ध होता. खरंच आवडला, तर उद्याही खा.

पहिल्या काही दिवसांत जास्त खाल्लं जाईल. ते अपेक्षित आहे. तोच पदार्थ पुन्हा पुन्हा आणि बिनधास्त मिळत राहिला की त्याची नवलाई ओसरते. बिघडतं ते दुसऱ्या दिवशी. ‘काल जास्त झालं’ म्हणून नाश्ता टाळला की शरीराला पुन्हा टंचाईचा निरोप जातो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. जास्त झालं तरी पुढचं जेवण नेहमीच्या वेळी, नेहमीइतकंच.

थांबणं

पोट भरल्याची जाणीव पूर्ण व्हायला साधारण २० मिनिटं लागतात. त्याआधी ताट संपवलं तर ती कळतच नाही. निम्मं जेवण झाल्यावर चमचा खाली ठेवा आणि चव तपासा. पहिल्या घासांची गोडी कमी झाली असेल, तर पोट भरत आलंय. ६-७ वर थांबलात तर उत्तम. पोट भरल्यावरही गोड खावंसं वाटणं नैसर्गिक आहे, कारण एका चवीला जीभ कंटाळते, नव्या चवीला नाही.

कंटाळा, ताण, एकटेपणा यांमुळेही खावंसं वाटतं. साधं, रोजचं जेवण चालेल का, असं स्वतःला विचारा. चालणार असेल तर बहुधा भूक आहे. मनाला बरं वाटावं म्हणून कधीतरी खाणं हा गुन्हा नाही. प्रत्येक वेळी तोच एक उपाय उरला असेल, तर त्यावर भेटीत बोलू.

वजनाबद्दल

या पद्धतीत वजन घटण्याची हमी आम्ही देत नाही. ते कमी होईल, वाढेल किंवा तसंच राहील. रोज काट्यावर उभं राहिलात तर भुकेचं ऐकण्याऐवजी आकड्याचं ऐकाल. म्हणून काटा नजरेआड ठेवा.

आधी डॉक्टरांशी बोला

इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जेवणाच्या वेळा स्वतःहून बदलू नका. मूत्रपिंडाचा आजार, सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) किंवा अन्नाची अ‍ॅलर्जी असेल तर त्यांची पथ्यं कायम राहतात. स्टेरॉइडनं भूक वाढते, तर मिथाइलफेनिडेटसारख्या, एकाग्रतेच्या विकारावर (एडीएचडी) दिल्या जाणाऱ्या औषधांनी ती मरते. त्यामुळे अशा वेळी केवळ भुकेवर विसंबता येत नाही.

खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं, रेचकं घेणं, पाळी बंद होणं, चक्कर येऊन पडणं, किंवा सलग तीन महिने आठवड्यातून निदान एकदा ताबा सुटून खूप खाल्लं जाणं: यांपैकी काहीही असेल तर हे पत्रक बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर व मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आम्ही त्यांच्यासोबत काम करतो, त्यांच्याऐवजी नाही.

पहिल्या भेटीला काय आणायचं

सात दिवसांची वही. रकाने चार: वेळ, काय खाल्लं, आधीची भूक, नंतरची भूक. ग्रॅम आणि कॅलरी लिहू नका. चालू औषधांची यादी आणा, आणि जे पदार्थ तुम्ही घरात आणायलाच घाबरता ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. एखाद्या दिवशी नोंद राहिली तर ते पान कोरंच राहू द्या, नंतर आठवून भरू नका.