चाकांचा फळा घरी आणि शिकवणीत कसा वापरावा

नमस्कार. तुम्ही आमच्याकडून चाकांवरचा व्हाइटबोर्ड नेला आहे किंवा नेण्याच्या विचारात आहात, म्हणून हे पत्रक. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये आम्ही स्टँड जोडतो, चौकटी बसवतो आणि बिघडलेले फळे दुरुस्तही करतो. दुरुस्तीला घरोघरी जाताना एक गोष्ट वारंवार दिसते आणि ती बघून जीव हळहळतो. फळा धडधाकट असतो, पण कपाटाला टेकून उभा असतो. वर दप्तर अडकवलेलं, टॉवेल वाळत घातलेला. घेतल्यानंतर पहिला महिना मुलांनी रेघोट्या मारल्या, मग तो तिथंच राहिला. चाकं आहेत ती फळा हलवण्यासाठी. सकाळी स्वयंपाकघराच्या दारात, दुपारी सोप्यात, संध्याकाळी मुलांच्या अभ्यासाजवळ, असा तो दिवसभर घरात फिरला पाहिजे.

आधी पापुद्रा काढा

पत्र्याच्या नव्या फळ्यावर पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. वाहतुकीत चरे पडू नयेत म्हणून तो लावलेला असतो. शाहूपुरीतल्या शिकवणीच्या एका बाईंनी तीन आठवडे त्या पापुद्र्यावरच लिहिलं, आणि "फळा पुसला जात नाही" म्हणून आम्हाला बोलावलं. चूक आमची होती, जोडून देताना आम्ही तो काढायला हवा होता. आता आम्ही तुमच्यासमोरच काढतो. राहिला असेल तर कोपऱ्यातून नखानं उचला आणि सावकाश ओढा. चौकटीच्या आत अडकलेली कड ब्लेडनं खरवडू नका, आम्हाला सांगा.

उंची आणि उजेड

आमच्या स्टँडची उंची दोन्ही बाजूंच्या मुठी सैल करून कमीजास्त होते. बहुतेक जण ती एकदा स्वतःच्या उंचीला लावतात आणि पुन्हा हात लावत नाहीत. बालवाडीतलं मूल लिहिणार असेल, तर फळ्याची खालची कड त्याच्या कमरेशी यायला हवी. टाचा वर करून, मान ताणून लिहिणारं मूल दोन ओळींत कंटाळतं आणि आपण म्हणतो, याचं लक्ष नाही.

पांढरा फळा चकाकतो. खिडकीच्या बरोबर समोर ठेवला तर मागच्या दोन रांगांना अक्षरांऐवजी खिडकीच दिसते. फळा खिडकीला काटकोनात ठेवा, म्हणजे उजेड बाजूनं येईल. ट्यूबलाइटची झळाळी पडत असेल तर वरची कड किंचित पुढं झुकवा. फिरत्या, म्हणजे स्टँडवरच उलटवता येणाऱ्या फळ्याला तेवढी सोय असते. मग स्वतः मागच्या मुलाच्या जागेवर जाऊन बसा आणि बघा. लिहिणाऱ्याला झळाळी दिसत नाही.

अक्षर किती मोठं काढायचं? ढोबळ हिशेब असा की, दर दहा फूट अंतराला एक इंच उंची. वीस फुटांच्या खोलीत दोन इंचाचं अक्षर. पण मराठीत वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार येतो, म्हणून दोन ओळींत एका अक्षराएवढी मोकळी जागा सोडा. लांबून वाचायला काळा आणि निळा रंग चांगला. लाल आणि हिरवा फक्त अधोरेखनाला वापरा. काही मुलांना लाल-हिरव्यातला फरक दिसतच नाही, आणि त्यांना तो दिसत नाही हे घरच्यांनाही बरेचदा माहीत नसतं.

मार्कर मुलाच्या हातात द्या

पत्रकातला आमच्या मनाला सगळ्यात जवळचा भाग हाच. फळा आला की घरातलं मोठं माणूस शिक्षक होतं, मुलं समोर बसतात, आणि घरातही शाळाच भरते. उलट करून बघा. आज वर्गात काय शिकवलं ते मुलीनं फळ्यावर आज्जीला समजावून सांगायचं. आज्जीनं खरोखर विचारायचं, "हा हातचा कुठनं आला गं?" ते सांगता सांगता मुलगी थबकते. जिथं थबकते तिथंच तिला कळलेलं नसतं, आणि ते तिचं तिलाच समजतं.

वहीत चूक झाली की खाडाखोड दिसते, म्हणून मुलं उत्तर लिहायला घाबरतात. फळ्यावरची चूक हातानं पुसता येते. गणिताची भीती असलेल्या मुलाला महिनाभर कच्चं काम फळ्यावरच करू द्या आणि फक्त शेवटचं उत्तर वहीत उतरवू द्या. पुसायची घाई मात्र तुम्ही करू नका. चुकलेली पायरी तशीच ठेवून शेजारी बरोबर पायरी मांडली, तर दोन्ही एका नजरेत दिसतात.

लहान मुलांच्या अक्षरासाठी उभा फळा फार उपयोगी. उभ्या पृष्ठभागावर लिहिताना हात खांद्यापासून हलतो आणि मनगट किंचित मागं झुकतं. पेन्सिल नीट धरायला हाताची तीच ठेवण लागते. आधी एक लांब आडवी रेघ मारू द्या आणि तिला अक्षरं टांगू द्या, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. ग, प, म यांचे काने एका उंचीचे आले की मूल स्वतःच मागं सरकून बघतं. डावखुऱ्या मुलाचा हात लिहिलेल्या अक्षरांवरून सरकतो आणि लिहिलेलं पुसलं जातं. त्याला हात ओळीच्या खालून धरायला शिकवा, आणि फळा थोडा खाली घ्या.

घरातले उद्योग

दुधाच्या रतिबापासून सुरुवात करा. रोज किती लिटर आलं, कोणत्या दिवशी खाडा झाला, हे फळ्याच्या एका कोपऱ्यात मुलानं लिहायचं आणि महिनाअखेरीस बिल त्यानंच काढायचं. दूधवाल्याचा आणि पोराचा आकडा जुळला की त्या पोराच्या तोंडाकडे बघावं.

उन्हाळ्यात वर्षाचा कांदा-लसूण मसाला होतो, तेव्हा फळा स्वयंपाकघराच्या दारात न्या. मिरची, धणे, सुकं खोबरं, लसूण, कांदा, खडे मसाले. प्रत्येक घराचं प्रमाण निराळं आणि ते बहुतेक आज्जीच्या डोक्यात. ते एकदा फळ्यावर उतरवून घ्या. मग मुलांना विचारा: यंदा मावशीचाही मसाला आपल्याकडेच करायचा, मिरची दीडपट झाली, तर खोबरं किती? त्रैराशिक शिकवायला याहून चांगलं उदाहरण आम्हाला सापडलेलं नाही. पुसण्याआधी फळ्याचा फोटो काढून ठेवा. आज्जीचं प्रमाण त्यानिमित्तानं घरात लिखित राहतं.

फळा पत्र्याचा असेल तर चुंबक चिकटतात, आणि मग नकाशाचा खेळ रंगतो. कोल्हापूर जिल्ह्याचा ढोबळ आकार काढा. बारा चुंबकांवर बारा तालुक्यांच्या चिठ्ठ्या लावा: करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, गडहिंग्लज, कागल, हातकणंगले, शिरोळ. मुलांनी त्या जागच्या जागी बसवायच्या. त्यावर निळ्या मार्करनं नद्या काढा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा, प्रयाग चिखलीचा संगम, आणि पुढं नरसोबाच्या वाडीला ती कृष्णेला मिळते. मुलांना पाचही नावं पाठ असतात, पण भोगावती राधानगरीकडून येते हे रेघ ओढताना पहिल्यांदा कळतं.

पावसाळ्यात तर हा नकाशा आठ-पंधरा दिवस पुसूच नका. जुलैत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाण्याची पातळी रोज बातम्यांत येते आणि घरातली मोठी माणसं ती काळजीनं वाचतात. मुलांना त्या काळजीत सामील करून घ्यावं, असं आम्हाला वाटतं. फळ्याच्या दुसऱ्या बाजूला आलेख मांडा. आडव्या बाजूला तारखा, उभ्या बाजूला फूट, एका फुटाला एक सेंटिमीटर. म्हणजे साठ फुटांपर्यंतची पट्टी तीन फुटी फळ्यात आरामात बसते. ३९ फुटांवर नारिंगी रेघ, ती इशारा पातळी. ४३ फुटांवर लाल रेघ, ती धोका पातळी. रोज एक ठिपका द्यायचा आणि ठिपके जोडायचे. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की त्या तारखेखाली खूण करायची आणि पुढच्या दिवसांत रेघेचं काय होतं ते बघायचं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात हा आकडा ५५ फुटांच्या वर गेला होता. धोक्याच्या लाल रेघेपासून ती जागा किती वर येते, हे मुलानं बोट ठेवून बघितलं की आपल्या गल्लीत पाणी का आलं होतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

खोलीवर राहून शिकणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात बाहेरगावची मुलं शिकायला राहण्याची परंपरा मोठी आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, पुढं अनेक समाजांची वसतिगृहं उभी राहिली, आणि १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. आजही चार-पाच मुलं खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करतात आणि वर्गणी काढून आमच्याकडून एक फळा नेतात. त्यांना आमचं सांगणं एवढंच की, फळ्यावर वेळापत्रक लिहून तो भरून टाकू नका. रोज रात्री अर्धा तास एकानं उभं राहून एक मुद्दा बाकीच्यांना शिकवा. वेळापत्रकाला भिंतीवरचा कागद पुरतो. अशा खोल्यांसाठी दोन बाय तीन फुटांचा फळा घ्या, तो दारातून आणि जिन्यावरून सहज जातो.

मार्कर आणि डाग

व्हाइटबोर्डच्या मार्करच्या शाईत रंग असतो, लगेच उडून जाणारं स्पिरिटसारखं द्रव असतं, आणि रंगाला फळ्याशी घट्ट चिकटू न देणारा तेलकट घटक असतो. म्हणून कोरडा डस्टर फिरवला की रंग भुकटी होऊन निघतो. परमनंट मार्करमध्ये रंग धरून ठेवणारी राळ असते, म्हणून तो निघत नाही. दोन्ही मार्कर दिसायला सारखेच. घरात परमनंट मार्कर असेल तर तो फळ्याच्या ट्रेमध्ये ठेवूच नका.

तरीही चुकून लिहिलं गेलं तर घाबरू नका. त्याच अक्षरांवर व्हाइटबोर्ड मार्कर गिरवा आणि ओलं असतानाच पुसा. नव्या शाईतलं स्पिरिट जुनी शाई सोडवतं. एकदा नाही गेलं तर पुन्हा करा. महिनोन्महिने न पुसलेल्या मजकुराच्या फिकट सावल्या राहतात, त्यांनाही हाच उपाय. त्यानंतर सुती कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन फळा पुसा. ते औषधाच्या दुकानात मिळतं. हे करताना खिडकी उघडी आणि गॅस बंद असू द्या.

भांड्यांची घासणी, भांडी घासायची पावडर आणि नेलपॉलिश रिमूव्हर फळ्याला लावू नका. त्यांनी डाग जातो, पण वरचा गुळगुळीत थरही जातो, आणि नंतर त्या जागी प्रत्येक अक्षर रुतून बसतं. अशा फळ्याला आमच्याकडेही पत्रा बदलण्यावाचून इलाज नसतो.

मार्कर आडवे ठेवा. उभे ठेवले तर शाई एका टोकाला उतरते, आणि टोक वर असेल तर लवकर कोरडं पडतं. टोपण लावताना टक् असा आवाज आला पाहिजे. शाई भरता येणारे मार्कर घेतले तर शिकवणीवाल्यांचा खर्च बराच वाचतो. टोपणं लहान असतात, तेव्हा रांगत्या बाळापासून लांब. गणवेशावर शाई लागली तर धुण्याआधी सॅनिटायझरनं टिपून घ्या. ताजा डाग बराच फिका होतो, मात्र पूर्ण जाईलच असं नाही.

चाकं आणि सुरक्षितता

मूल फळ्याजवळ असेल तेव्हा चारही चाकांचे ब्रेक खाली दाबलेले हवेत. दोनच ब्रेक लावले तर स्टँड जागच्या जागी गोल फिरतो. हलवायच्या आधी फळा सगळ्यात खालच्या उंचीवर आणा आणि स्टँडला खालून धरून ढकला. वरची कड धरून ओढला की तो कलंडतो. जुन्या वाड्यांतले उंबरे आणि शहाबादी फरशीच्या फटी यांत छोटी चाकं अडकतात. उंबऱ्यावरून दोघांनी उचलून न्या. तुमच्याकडे अशी फरशी असेल तर घेतानाच सांगा, आम्ही तीन इंची चाकं बसवून देतो. फिरता फळा उलटवताना मुलांची बोटं चौकटीपाशी नाहीत हे बघा आणि उलटवल्यावर खिट्टी लावा. फळ्याला लोंबकळायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका. महिन्यातून एकदा नटबोल्ट आवळा, चावी ट्रेच्या मागं चिकटवलेली आहे.

अजून घ्यायचा असेल तर

लॅमिनेटचा फळा स्वस्त आणि हलका, घरी रोज थोडा वेळ वापरायला ठीक. त्याला चुंबक चिकटत नाही आणि सतत वापरात सावल्या लवकर धरतात. रंगवलेल्या पत्र्याचा फळा शिकवणीसाठी आणि चुंबकाच्या खेळांसाठी. रोज सहा-सात तास वापर असेल तर सिरॅमिक पत्रा घ्या. त्यावरचा काचेसारखा थर भट्टीत सुमारे ८०० अंश सेल्सिअसला भाजलेला असतो, म्हणून चरे आणि डाग सहसा धरत नाही. घरातल्या दोन मुलांसाठी सिरॅमिक घेऊ नका, पैसे उगाच जातील. काचेचा फळा आम्ही चाकांच्या स्टँडवर बसवत नाही. तो जड असतो आणि मुलांच्या घरात तो धोका आम्हाला पत्करायचा नाही.

लॅमिनेटच्या मागची पाटी लाकडाच्या भुशाची असते, पाणी लागलं की फुगते. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून फळा वीतभर लांब ठेवा. दमट हवेत शाई नीट उठत नसेल तर आधी कोरड्या कापडानं फळा पुसून घ्या. पुराचं पाणी येणाऱ्या भागात राहत असाल तर बाकीच्या सामानाबरोबर फळाही वेळेत वरच्या मजल्यावर न्या. चार नट काढले की स्टँड वेगळा होतो.

चाक मोडलं तर मोडलेलं चाक घेऊन या, स्वतः नवं आणून बसवू नका. खुंटीची जाडी आणि आटे जुळवूनच दुसरं बसवता येतं, आणि बहुतेक वेळा ते आम्ही तुमच्यासमोर दहा मिनिटांत बसवून देतो.