काकू (ध्वनिविकार)

उच्चारातील चढउतार, ताण, कंप आणि विराम यांमुळे त्याच शब्दांतून निराळा अर्थ निघतो, तो ध्वनिविकार म्हणजे काकू. नात्यातल्या काकूशी याचा संबंध नाही. ‘काकुळती’शी मात्र असावा. शोक, भय इत्यादींमुळे ध्वनीत होणारा पालट, अशी अमरकोशाची व्याख्या आहे.

व्युत्पत्तीबद्दल नाट्यशास्त्राचा टीकाकार अभिनवगुप्त दोन पर्याय देतो. एक, ‘कक्’ (लौल्य, म्हणजे हाव) या धातूपासून: वाक्य सांगितलेल्या अर्थावर न थांबता आणखी काही मागते, हे त्याचे लौल्य. दुसरा, ‘ईषत्’ (किंचित) अर्थाच्या ‘कु’च्या जागी ‘का’ येऊन: मनातल्या अर्थाची किंचित भूमी. पहिला अधिक सरळ वाटतो, कारण नाट्यशास्त्रातील साकांक्ष (अर्थाची अपेक्षा उरलेला) आणि निराकांक्ष (अर्थ पुरा झालेला) हे दोन भेद त्यातून आपोआप उलगडतात. काव्यशास्त्रकार रुद्रटाने काकुवक्रोक्तीला (काकूने साधलेल्या वाकड्या बोलण्याला) शब्दालंकार म्हटले. ‘काव्यमीमांसा’कार राजशेखराला ते मान्य नाही: काकू हा अभिप्राययुक्त पाठधर्म (म्हणण्याच्या रीतीचा गुण), तो अलंकार कसा? रंगभूमीचा अनुभव राजशेखराच्या बाजूने आहे. छापील संहितेत काकू दिसत नाही. वेणीसंहार नाटकातला भीम ‘मी जिवंत असता कौरव स्वस्थ राहतात’ एवढेच म्हणतो, ‘शक्यच नाही’ हे त्याचा आवाज सांगतो.

मराठीत ‘मी भिणार तुला’ हे वाक्य घ्यावे. ‘तुला’वर सूर शांतपणे उतरला तर कबुली, ‘मी’ ताणून ‘भिणार’ उंच फेकले तर साफ नकार. ‘तो आला’चा प्रश्न होतो तो शेवटच्या अक्षराच्या चढण्यानेच, ‘का’ची गरज नसते.

मराठी वाक्यात क्रियापद आणि नकार बहुधा शेवटी येतात, आणि नटाचा दम नेमका तिथेच संपतो. गोव्यातील जात्रेच्या नाटकांत, उघड्या मंडपात, ही चूक वारंवार ऐकू येते: पल्लेदार वाक्याचा आरंभ दणदणीत, ‘नाही’ मात्र घशात. उपाय म्हणजे श्वास पूर्णविरामापाशी न घेता शेवटच्या दोन-तीन शब्दांआधी घ्यावा. दुसरे कारण प्रॉम्प्टर. तो वाक्य सपाट कुजबुजतो आणि पाठांतर कच्चे असलेला नट शब्दांबरोबर तो सपाटपणाही उचलतो.

संगीतात ‘संगीतरत्नाकर’कार शार्ङ्गदेवाने (तेरावे शतक, देवगिरी) स्वर, राग, अन्यराग, देश, क्षेत्र आणि यंत्र (वाद्य) असे सहा काकू मानले. रागकाकूचे परिचित उदाहरण दरबारी रागातला आंदोलित (हळू डोलणारा) कोमल गंधार. तोच स्वर भीमपलासीत असा डोलत नाही. पेटीवर हे आंदोलन निघत नाही. शिवाय समान सप्तकात (बारा सारख्या अंतरांत) लावलेल्या पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे सेंट). पेटीवरच गळा तयार केलेल्या गायकाला तंबोऱ्यासमोर हा फरक नडतो.

क्षेत्रकाकू म्हणजे शरीराचा, गळ्याचा स्वतःचा गुण. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, दोघी गोव्याच्या, दोघींना गायक अल्लादियाखाँची तालीम. तरी ध्वनिमुद्रिकेतल्या पहिल्या ‘आ’कारावरून कोण गाते ते कळते.

यंत्रकाकू घुमट या गोव्याच्या वाद्यात अगदी हाताशी सापडतो. मातीच्या भांड्याच्या मोठ्या तोंडावर चामडे (पूर्वी घोरपडीचे, आता बकऱ्याचे) असते, लहान तोंड मोकळे. उजव्या हाताने थाप, डाव्या तळव्याने मागचे तोंड झाकणे-उघडणे. थाप तीच राहून नाद बदलतो. चतुर्थीच्या दमट हवेत चामडे सैल पडून नाद बसतो, म्हणून आरतीआधी घुमट शेकतात. जास्त शेकले तर नाद टणक होतो, घुमत नाही. क्वचित चामडे फाटतेही.

देशकाकूत प्रदेशाची लकब येते. गोव्यातील मराठीत कोंकणीची अनुनासिक ओढ आणि ‘मरे’सारखे अव्यय यांमुळे आग्रह शब्दानेच व्यक्त होतो, सुराला तेवढे चढावे लागत नाही.

पहा : पाठ्यगुण, श्रुती.